वाऱ्यानं परत नेलेला चेंडू

मामा : समोरच्यानं मारलेला चेंडू नेटवरून आपल्या बाजूले आला, टप्पा पडला, अन् आपली रॅकेट पोचायच्या आत वाऱ्यानं परत त्याच्या बाजूले गेला. पॉइंट कोणाचा?

मी : त्याचा. पण आपण पळत जाऊन, नेटच्या वरून हात पलीकडे काढून, तिकडे टप्पा पडायच्या आत चेंडू मारला तर चालतं. फक्त नेटला रॅकेट, कपडे, काहीही लागता कामा नये.

मामा : अन् एरवी पलीकडे हात काढला तं?

मी : चेंडू नेट ओलांडून यायच्या आधीच मारला, तर पॉइंट गेला.

मामा : पाय, येते तुले.

मे महिन्यात अकोल्याला मामांकडे गेलं की ही परीक्षा ठरलेली. मामा बँकेतून निवृत्त झाले, टेनिस सुटलेलं नाही. मी अमरावतीला शाळेत खेळ शिकवते आणि शालेय स्पर्धांत बॅडमिंटनची पंच म्हणून उभी राहते. नियमांची आवड दोघांनाही, आणि भांडण होतं तेही नियमांवरूनच. मामांना वाटतं, जगभर नियम एकच असणं ही खेळाची सगळ्यात मोठी कमाई आहे, तिला उठसूट हात लावू नये. मला वाटतं, प्रत्येक नियम कुठल्या तरी एका गावच्या हवेत, कुणाच्या तरी तक्रारीतून तयार झालेला असतो, आणि आमच्या वऱ्हाडाच्या हवेची तक्रार तिथवर पोचलेली नाही. यंदाचं आमचं बोलणं लांबलं. ते इथे उतरवून काढते आहे.

मी : हा तुमचा वाऱ्याचा नियमच घ्या. टेनिस उघड्यावरचा खेळ. विम्बल्डनची पहिली स्पर्धा 1877 ची, हिरवळीवरची. वारा होता म्हणून वाऱ्याचा विचार नियमात आला. बॅडमिंटनमध्ये खिडक्या बंद, पंखे बंद, दारं लावलेली, तेव्हा कुठे सामना सुरू होतो. आमच्याकडच्या किती पोरांना असा हॉल मिळतो?

मामा : पण बॅडमिंटन तं पुण्याचं म्हणता ना तुम्ही लोक?

मी : पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1870 च्या दशकात नियम बांधले, हे खरं. काही काळ खेळाला ‘पूना’च म्हणत. पुढे इंग्लंडात ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या बॅडमिंटन हाउसचं नाव त्याला चिकटलं आणि खेळ हॉलमध्ये गेला. वाऱ्याचा प्रश्न मात्र इथेच राहिला. तो लोकरीच्या चेंडूनं आधीच सोडवला होता.

मामा : बॉल बॅडमिंटन.

मी : हो. तंजावरच्या राजघराण्यात, म्हणजे आपल्या भोसल्यांकडे, 1856 च्या सुमारास तो खेळला जात होता असं त्या खेळाच्या इतिहासात सांगतात. दोन्हीकडे पाच-पाच जण, पिवळ्या लोकरीचा 27 ते 30 ग्रॅमचा चेंडू, 24 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद मैदान. विदर्भात शाळा-कॉलेजांत तो अजून खेळतात. मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या, दोन खांब पुरले की झालं.

मामा : बरोबर केलं. ज्याले वाऱ्यात खेळायचं त्यानं वाऱ्याचा वेगळा खेळ काढला. बॅडमिंटनच्या फुलाचा नियम कोणी मोडला नाही.

मी : जागतिक संघटनेनंच 2019 मध्ये दुसरा मांडला की. एअर बॅडमिंटन. वाऱ्यात कमी भरकटणारं फूल, 16 मीटर लांब मैदान, आणि नेटजवळ दोन मीटरचा पट्टा असा की त्यात फूल पडलं तर बाद. फक्त ते फूल अमरावतीच्या दुकानांत मला अजून मिळालेलं नाही.

मामा : मंग तोही नियम आपल्यासाठी कागदावरचाच.

हे मामांनी नेमकं सांगितलं. तालुक्याच्या शाळेत नियमाचं पुस्तक पोचतं, सामान पोचत नाही. पोरं नायलॉनच्या फुलावर शिकतात आणि जिल्ह्याच्या सामन्याला पहिल्यांदा पिसांचं फूल हातात येतं. ते इतकं वेगळं पडतं, इतकं अचानक थांबतं, की पहिला गेम अंदाज घेण्यातच जातो.

अकोल्याला जाताना मी फुलांचा एक डबा घेऊन गेले होते. संध्याकाळी मामींनी चहाला ठेवलेल्या पाण्याला उकळी फुटली तेव्हा त्यांच्याकडून किटली मागून घेतली. वऱ्हाडातला मे, पारा 45 अंशांच्या वर, हवा इतकी कोरडी की पिसं कडकडीत होतात आणि दोन स्मॅशमध्ये तुटतात. म्हणून वाफ द्यायची. डब्याची दोन्ही झाकणं काढायची, पिसांची बाजू वाफेवर काही क्षण धरायची, बुचाला पाणी लागू द्यायचं नाही, झाकणं लावून रात्रभर तसंच ठेवायचं. मामा शेजारी उभे राहून पाहत होते.

मामा : किती पिसं असतात एकात?

मी : सोळा. वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. आणि हा डब्यावरचा आकडा पाहा, 76. हा वेगाचा. आकडा वाढला की फूल लांब जातं. उन्हाळ्यात हवा विरळ होते, फूल तिला कापत पुढे जातं. डिसेंबरात जे 77 नंबरचं फूल बरोबर पडतं तेच मे महिन्यात मागच्या रेषेबाहेर जातं. आता मला सांगा, ज्यांनी थंड हॉलमध्ये बसून नियम केले त्यांना अकोल्याचा मे कुठे ठाऊक होता?

मामा : नियमात 77 लिहिलं आहे का?

मी : नाही.

मामा : मंग काय लिहिलं आहे?

मी : मागच्या रेषेवर उभं राहून, खालून वर, पूर्ण फटका मारायचा. बाजूच्या रेषांना समांतर. फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटरच्या मधे पडलं पाहिजे. पडलं तर वेग बरोबर.

मामा : तं पोरी, त्यानं अकोल्याचा मे सोडला कुठं? त्यानं सांगतलं, फूल कोणतंही आण, पडलं पाहिजे या दीड फुटाच्या पट्ट्यात. कोपनहेगनले थंडीत एक फूल पडेल, आपल्या इथं दुसरं. नियम एकच. अन् पुस्तकात तुह्या तक्रारीचं उत्तर पहिलेच देऊन ठेवलं आहे.

मला हे मान्य करावं लागलं, आणि मला ते आवडलंही. नियम लिहिणाऱ्यानं फुलाला नंबर न देता फूल कुठे पडलं पाहिजे ते ठरवलं, म्हणून तो नियम उन्हातही टिकतो. आमच्याकडे सामन्याच्या सकाळी ही चाचणी होतच नाही, हा दोष पुस्तकाचा धरता येणार नाही. जो डबा उघडला त्यानं खेळ सुरू.

मामा : माह्या कोर्टावर ये कधी सकाळी. आम्ही नेट मोजतो तं टेप लागत नाही. एक रॅकेट उभी धरायची, तिच्या डोक्यावर दुसरी आडवी. 27 इंच उंची अन् 9 इंच रुंदी, झाले 36. जुन्या लाकडी रॅकेटींवर हे तंतोतंत भरे, आताच्या रुंद तोंडाच्या जराक जास्त भरतात. मधोमध 91.4 सेंटिमीटर, खांबाजवळ 1.07 मीटर. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर जितकी, तितकीच इथं. मले हे लय मोठं वाटते. अकोल्यातला माणूस अन् तिथला चॅम्पियन एकाच उंचीवरून चेंडू काढते.

मी : आणि पावसाळ्यानंतर?

मामा : तं काळी माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, खांब हलतो. म्हणून तं रोज मोजतो.

पुढचा वाद टेबल टेनिसवरून पेटला. मामांचं म्हणणं असं की त्या खेळानं इतके बदल केले की आजोबानं शिकवलेला खेळ नातवाला ओळखू येत नाही. 2000 साली चेंडू 38 मिलिमीटरचा 40 झाला. 2001 मध्ये 21 पॉइंटांचा गेम 11 चा झाला, पाच-पाच सर्व्हिस होत्या त्या दोन-दोन झाल्या. 2002 पासून सर्व्हिस करताना चेंडू समोरच्याला सतत दिसला पाहिजे. 2014 मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. प्रतिभाताई पाटील जळगावला मूळजी जेठा कॉलेजात असताना टेबल टेनिस खेळत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बक्षिसं मिळवत. पुढे 1991 ते 1996 त्या आमच्या अमरावतीच्या खासदार होत्या, नंतर राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या वेळचा चेंडू, त्यांच्या वेळची मोजणी, त्यांच्या वेळची सर्व्हिस, यातलं आज काहीच उरलेलं नाही.

मी : पण का बदललं ते पाहा. 1952 मध्ये जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. आशियातली पहिली.

मामा : ब्रेबॉर्नवर. जपानचा सातो.

मी : हिरोजी सातो. तोवर सगळ्यांच्या बॅटवर बारीक दाण्यांचं रबर असायचं, चेंडू लागला की टक् असा आवाज यायचा. समोरचा डोळ्यांइतकाच कानानं खेळायचा. किती जोरात लागला ते आवाजावरून कळायचं. सातोच्या बॅटवर जाड स्पंज. आवाजच नाही. चेंडू आत रुतायचा आणि भलत्याच वेगानं बाहेर यायचा. युरोपातले मोठमोठे खेळाडू त्याच्यापुढे चाचपडले, आणि तो जगज्जेता झाला. मुंबईत, आपल्या लोकांसमोर.

मामा : मले ते पटत नाही. ज्या गोष्टीवर समोरचा विसंबून आहे तीच काढून घेतली.

मी : नियमात कुठे लिहिलं होतं की आवाज आला पाहिजे? बॅटवर काय लावायचं याला तेव्हा बंधनच नव्हतं. त्यानं काही लपवलं नाही, फसवलं नाही. संघटनेला स्पंजचा निर्णय करायला 1959 उजाडलं. आणि तेव्हाही स्पंज काढून नाही टाकला, वर रबराचा थर सक्तीचा केला आणि जाडीला मर्यादा घातली. आज दोन्ही मिळून 4 मिलिमीटर.

मामा : सात वर्षं थांबले ना? हेच म्हणतो मी. सातो जिंकला अन् दुसऱ्या दिवशी नियम आला असता, तं तो सातोविरुद्धचा नियम झाला असता. थांबले, पाहिलं, मंग लिहिलं.

मी : आणि त्या सात वर्षांत जे जुन्या बॅटनं हरले त्यांचं काय?

मामा : त्याईनं स्पंज घ्यायचा होता.

या बाबतीत मी मामांच्या बाजूला झुकते, पण पूर्ण नाही. पुढे खेळाडू बॅटच्या दोन बाजूंना दोन वेगळी रबरं लावू लागले, दोन्ही एकाच रंगाची. हातातल्या हातात बॅट फिरवायची. कुठल्या बाजूनं मारलं ते समोरच्याला कळूच नये. आवाजातला फरक झाकायला काही जण सर्व्हिसच्या वेळी जमिनीवर पाय आपटायचे. 1986 पासून एक बाजू लाल, एक काळी असा नियम आला. 2021 पासून काळ्याच्या जोडीला दुसरे रंगही चालतात, पण दोन बाजू वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. हा बदल खेळ पाहणाऱ्यासाठी आणि खेळणाऱ्यासाठी इतका उपकारक ठरला की तो आणखी लवकर यायला हवा होता, असंच मी म्हणेन.

मी : 1936 चं प्रागही आठवा. जागतिक स्पर्धेत एर्लिख आणि पानेथ यांच्यात पहिलाच पॉइंट दोन तासांच्या वर चालला. दोघंही नुसता चेंडू परत टाकत राहिले. त्यानंतर नेट खाली आणली, आजची 15.25 सेंटिमीटर, आणि वेळेचं बंधन आलं. आता गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि दोघांचे मिळून 18 पॉइंट झाले नसतील, तर घाईचा नियम लागतो: सर्व्हिस घेणाऱ्यानं 13 वेळा चेंडू नीट परत केला की पॉइंट त्याचा.

मामा : 1936 म्हणजे तुमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिनले गेली ते साल.

मी : हो, ऑलिंपिकच्या वेळी. कबड्डी दाखवली तिथे. मामा, कबड्डीत दम हेच घड्याळ होतं. श्वास संपला की चढाई संपली. बाहेरून कुणी वेळ लावावी लागत नव्हती. टेबल टेनिसमध्ये खेळाच्या आत शेवट नव्हता, म्हणून बाहेरून घड्याळ आणावं लागलं.

मामा : टेनिसमध्ये शेवटचा पॉइंट जिंकल्याशिवाय सामना संपत नाही. तोच त्याचा दम.

मी : आणि तो दम 2010 मध्ये तीन दिवस चालला! इस्नर आणि माहू, 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70–68. धावफलक 47–47 वर अडकून बसला, त्याच्या पुढचं मोजायची सोयच केलेली नव्हती.

मामा : त्या सामन्यातलं खरं नवल सांगू? माहू हरला. पण पॉइंट त्याचे जास्त होते. 502, अन् जिंकलेल्या इस्नरचे 478. 2019 ची विम्बल्डनची फायनल, तिथंही तसंच. फेडररचे 218, जोकोविचचे 204, अन् कप जोकोविचले. टेनिसात पॉइंट किती मिळवले त्याले महत्त्व नाही. कोणत्या वेळी मिळवले त्याले आहे. पंधरा, तीस, चाळीस, मंग गेम, मंग सेट, अशा पायऱ्या केल्यानं प्रत्येक पायरीवर नव्यानं उभं राहता येते. शून्य–सहा हरलेला माणूस दुसऱ्या सेटले समोरच्याच्या बरोबरीनं सुरू करते. कोणी हे ठरवलं असेल त्याले माह्या नमस्कार.

मी : मग 2022 पासून चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला 6–6 वर दहा पॉइंटांचा टायब्रेक आला, त्याचं दुःख होतं का?

मामा : होते. हाव, होते.

मी : ऋतुजा भोसलेचं सुवर्ण आठवा. आपल्या श्रीरामपूरची पोरगी. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची फायनल. पहिला सेट 2–6 गेला, दुसरा 6–3 आला, आणि तिसरा सेट खेळवलाच नाही. थेट दहा पॉइंटांचा टायब्रेक, 10–4. तुमच्या जुन्या नियमानं पूर्ण सेट झाला असता. काय झालं असतं सांगता येत नाही.

मामा : तरी जिंकलेच असते.

मी : असेल. पण टायब्रेकमध्ये चुका सुधारायला वेळ नाही हे ठाऊक असून त्यांनी ज्या तयारीनं पहिल्या पॉइंटपासून खेळ केला, तेही कौशल्यच आहे. नव्या नियमानं नवं कौशल्य मागितलं.

मामा : जुन्याची किंमत कमी करून. तुह्याच बॅडमिंटनमध्ये पाय. नंदू नाटेकर सांगलीचे. टेनिसच खेळत होते पहिले. ज्युनिअर नॅशनलच्या फायनलले रामनाथन कृष्णनकडून हरले, मंग बॅडमिंटनकडे वळले. 1956 ले क्वालालंपूरची सेलंगॉर स्पर्धा जिंकली, परदेशात असं जिंकणारे पहिले भारतीय. 1961 ले अर्जुन पुरस्कार सुरू झाला तो पहिल्याच वर्षी त्याईले. ते खेळले तई सर्व्हिस ज्याची, पॉइंट त्याचाच. 14–5 नं पुढं असलेल्यानं रॅली जिंकली अन् सर्व्हिस त्याची नसली, तं त्याले फक्त सर्व्हिस मिळे. मागं पडलेल्याले श्वास होता. 2006 पासून प्रत्येक रॅलीले पॉइंट, 21 चा गेम. एक चूक केली की लगेच दंड.

मी : नागपूरची मालविका बनसोड याच मोजणीत वाढली. डावखुरी. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनला तिनं साईना नेहवालला 21–17, 21–9 असं हरवलं. या मोजणीत नाव किती मोठं आहे त्याची भीती बाळगायला वेळच मिळत नाही; पहिल्या रॅलीपासून खात्यावर जमा होत जातं. छोट्या गावच्या पोरांना मी हेच सांगते.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग मुंबईच्या सुनील वालावलकरांनी भारतात आणलेल्या पिकलबॉलमध्ये अजून जुनी पद्धत आहे, सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट, याचं त्यांनी समाधान व्यक्त केलं. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला नव्यानं कळली: विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री 1934 मधली लीला राव, पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची मुलगी. आई स्वतःही टेनिस खेळायची. आमच्या शाळेच्या फळ्यावर हे नाव लिहायला हवं.

मामा : विम्बल्डननं 2025 पासून रेषेवरचे पंच काढून टाकले. सगळं यंत्र सांगते. आमच्याकडे पंचच नाही तं काढायचं काय! पण त्यासाठीही नियम आहे. ज्याच्या बाजूले चेंडू पडला त्यानंच आत की बाहेर सांगायचं, अन् शंका आली तं समोरच्याच्या बाजूनं निकाल. नीट दिसलं नाही म्हणजे चेंडू आतच. मले विचारशील तं टेनिसच्या पुस्तकातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

मी : आमच्यात रेषेवरच्या पंचाला दिसलं नाही आणि मुख्य पंचालाही ठरवता आलं नाही, तर लेट. रॅली पुन्हा.

मामा : त्यात कोणी कोणाले काही दिलं नाही.

मी : पण अन्यायही झाला नाही. आणि मामा, पोरं आधी ‘आउट’ ओरडतात, मग पाहतात. सर्व्हिस नेटच्या पट्टीला घासून बरोबर चौकोनात पडली की टीव्हीवर टेनिस पाहिलेली पोरं ‘लेट, लेट’ म्हणून थांबतात. बॅडमिंटनमध्ये ती सर्व्हिस चालते, खेळ चालू असतो. थांबलेल्या पोराचा पॉइंट जातो आणि तो माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्यानं पाहतो. तुमचा नियम त्यांच्या हातात द्यायचा तर आधी त्यांना नियम शिकवायला हवा. तो तास वेळापत्रकात नाही.

मामा : तं धर ना.

मी : धरीन. पण ज्या नियमाशी माझं खरंच भांडण आहे तो वेगळा. सर्व्हिसच्या उंचीचा. पूर्वी फूल कमरेच्या खाली असताना मारायचं, आणि कंबर म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी. पंच डोळ्यानं ठरवायचा. भांडणं फार, म्हणून 2018 पासून 1.15 मीटर ही ठरीव उंची आली. पंचासमोर उभा खांब, त्यावर दोन पारदर्शक पट्ट्या, दोन्हींवरच्या रेषा एकावर एक आणून पाहायचं.

मामा : चांगलं केलं. सगळ्यांले सारखी उंची.

मी : सहावीतल्या पोराची उंची 1.40 मीटर. त्याच्यासाठी 1.15 म्हणजे खांदा. खांद्याच्या उंचीवरून तो सरळ ढकलून सर्व्हिस करतो, आणि मी नियमानं त्याला अडवू शकत नाही. सर्व्हिस खालून वर जावी, त्यातून हल्ला होऊ नये, यासाठीच तर तो नियम. पोरांमध्ये तो उलटा काम करतो. फूल कुठे पडावं हे सांगणारा नियम अकोल्यात चालला, कारण त्यानं परिणाम धरला. हा नुसता आकडा धरतो.

मामा : मंग परत बरगडी मोजशील? त्याच भांडणातून तं आकडा आला.

मी : तुमच्या टेनिसनं काय केलं? दहा वर्षांच्या आतल्या पोरांच्या स्पर्धांत 2012 पासून नेहमीचा पिवळा चेंडू चालतच नाही. लाल, नारंगी, हिरवा, असे हळू उसळणारे चेंडू, आणि लहान मैदान. तुमचा एकच नियम पोरांसाठी तुम्हीच मोडलात.

मामा : मोडला नाही. वेगळा लिहिला. लिहून ठेवला, सगळ्या देशांले एकच. तसं तूही लिही. तोंडी नको. बारा वर्षांच्या आतल्यांसाठी, जिल्ह्यापुरता, बैठकीत ठेव.

मी : किती ठेवू? मोठ्या माणसाची उंची 1.75 धरली तर 1.15 म्हणजे साधारण दोन-तृतीयांश. त्याच प्रमाणात 1.40 च्या पोराला 92 सेंटिमीटर.

मामा उठून आत गेले आणि दोन रॅकेटी घेऊन आले. एक जमिनीवर उभी, दुसरी तिच्या डोक्यावर आडवी. टेनिसच्या नेटची उंची आणि सहावीतल्या पोराच्या सर्व्हिसची उंची जवळजवळ एकच निघाली होती. खांबाचा आणि पारदर्शक पट्ट्यांचा खर्च कुठल्याच शाळेला झेपणार नाही. दोन बांबूंना त्या उंचीवर दोरी बांधून पंच पलीकडे खुर्चीवर बसला तर निदान पाहता तरी येईल. मामांनी कागद मागितला आणि मापं लिहून घेतली.

मामा : अन् चौथीतली पोरगी? सव्वा मीटरची. तिले ही दोरी पुन्हा उंचच.

मी : तिच्यासाठी 82 निघते.

मामा : म्हणजे दोन दोऱ्या. एकाच वयोगटात लहानमोठी पोरं समोरासमोर आली तं कोणाची दोरी धरशील?

मी : ज्याची सर्व्हिस त्याची.

मामा : प्रत्येक सर्व्हिसले दोरी वरखाली करशील?

मी : दोन्ही बांधून ठेवीन. एक लाल, एक काळी.

मामा : मंग तसं लिही. अन् सामन्याच्या सकाळी फुलाची चाचणी बी त्याच कागदावर लिही, दुपारी ऊन वाढल्यावर पुन्हा एकदा. त्याले कोणाच्या परवानगीची गरज नाही.